आईची पित्ताची कॅप्सूल

आईला उलट्या होत होत्या. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी डोम्पेरिडोन लिहून दिलं, दहा मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. तिचं हृदय कमजोर, म्हणून मी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा वाचून काढल्या. दुकानातून परस्पर आणून ती रोज घेते त्या पित्ताच्या कॅप्सूलमध्येही तेच औषध निघालं, तीस मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाचे साठ, मर्यादेच्या दुप्पट; आणि हे औषध जास्त झालं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

“डॉक्टरनं विचारलं तवा हे काऊन नाही सांगितलं?”

“अरे बाप्पा, त्यानं औषधाचं विचारलं. हे तं पित्ताचं हाय!”

मी कपाळावर हात मारला आणि डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही बंद करा, आजच ईसीजीला आणा, असं ते म्हणाले. लुगडं बदलता बदलता आई कुरकुरली, “कॅप्सूल बंद, तं मंग सकाळचा चहा कशाच्या भरोशावर पिऊ?”