अक्काच्या खुर्चीचा वेग

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत एका मोटरची चाचणी घेत होतो. भावोजींनी दोनच वाक्यं सांगितली. छातीतला कफ सुटलाच नाही, सकाळी गेली… मी "येतो" म्हणालो, आणि तरीही पाच मिनिटं ती मोटर फिरताना बघत उभा राहिलो. याला आता दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, अक्काच्या धीराचं कौतुक करतात. मला त्यांच्यात बसवत नाही, कारण तो धीर शेवटी कुणी मोडला ते मला ठाऊक आहे.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे आमच्यात ताई नाही, अक्काच. के. आर. पुरमच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. चाळिशीत स्नायूंच्या आजाराने पाय गेले, पाठोपाठ नोकरी गेली. उरला उजवा हात आणि जीभ, आणि जीभ दोन माणसांना पुरेल एवढी तिखट. घरासमोरच्या रस्त्यापलीकडे वाचनालयाची एक खोली होती. तिथे संध्याकाळी दहावीच्या मुलींना गणित शिकवायचं तिने ठरवलं. "तिथवर मला कुणी ढकलत न्यायचं नाही. एवढं जमव," ती मला म्हणाली. मी कुठूनशी एक जुनी मोटरची खुर्ची मिळवली. तिचा कंट्रोलचा डबा मेलेला होता, तो नव्याने बांधला.

अशा खुर्चीला दोन चाकांच्या दोन मोटरी असतात आणि हाताशी एक दांडी. दांडी पुढे केली की किती झटक्यात निघायचं, बाजूला कलवली की किती चटकन वळायचं, हे डब्यातल्या दोन चिमुकल्या प्रीसेटवर, म्हणजे जुळवणीच्या स्क्रूंवर, ठरतं. ते स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवायचे आणि बघायचं. दर रविवारी मी डबा उघडून बसायचो. मग अक्का व्हरांड्यातल्या दोन कुंड्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायची आणि मास्तरीण असल्यामुळे मार्क द्यायची. "निघणं सात, वळणं चार. अरे, ही खुर्ची आहे का म्हैस? स्वल्प, जरा चटकन वळव की रे!" महिन्याभरात दोन्हींना नऊ मिळाले. दहा ती कुणालाच देत नसे. तिचा एकच नियम होता, तिला सांगितल्याशिवाय एकही स्क्रू हलवायचा नाही. वर्षभर ती रस्ता ओलांडून एकटी गेली आणि एकटी परत आली. त्या वर्षी ती फार खुशीत होती, आणि मीही.

मग एका संध्याकाळी दांडी जास्त दाबली गेली, खुर्ची फाटकाच्या खांबावर आदळली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी भावोजींनी मला बाजूला घेतलं. "वेग कमी कर. तिला सांगू नकोस. सांगितलंस तर ती ऐकणार आहे का?" सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही, मलाही तेच हवं होतं. ती आंघोळीला गेलेली असताना मी दोन्ही प्रीसेट मागे फिरवले.

बाहेर येऊन तिने कुंड्यांना एक फेरी मारली. मग दुसरी. मग थांबली.

"खुर्चीत काही बदललंस का रे?"

"नाही, अक्का."

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. "सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "म्हणजे खुर्ची पास. हात नापास."

तेव्हाच बोलायला हवं होतं… मी पाना-पेचकस आवरत बसलो.

त्यानंतर दोन संध्याकाळी ती फाटकापर्यंत गेली. गाड्यांमध्ये जरा जागा दिसली की दांडी पुढे करायची, पण खुर्ची वेग घेईपर्यंत पुढची लॉरी यायची. दोन्ही वेळा ती परत फिरली. तिसऱ्या दिवशी तिने मुलींना निरोप पाठवला की आता येणं होणार नाही. भावोजी ढकलत न्यायला तयार होते, तिने नकाराची मान हलवली. हातच गेला म्हणाली, आणि वेग कमी केलाय हे ठाऊक असूनही भावोजींनी ते खरं मानलं. रविवारी मार्क देणंही बंद झालं. आठ महिने ती खोलीतच होती. आज सांगू, उद्या सांगू करत मी ते आठ महिने घालवले. तिची काळजी होती म्हणून गप्प बसलो असं म्हणायला बरं वाटेल, पण खरं सांगायचं तर मी तिच्या रागाला भ्यालो. राग आला असता, आणि दुसऱ्या दिवशी ती रस्त्यापलीकडे गेली असती.

गेल्या रविवारी ती खुर्ची कुणा गरजूला द्यायचं ठरलं. मी डबा उघडून प्रीसेट पुन्हा नऊ मार्कांच्या जागी आणले आणि तपासायला स्वतः बसलो. दांडी पुढे केली. खुर्ची ताडकन निघाली आणि व्हरांडाभर मोटरींचा तो जुना आवाज घुमला. भावोजी ओल्या हातांनी आतून धावत आले. खुर्चीत मी आहे हे दिसल्यावर दाराची चौकट धरून उभे राहिले.

"म्हणजे हात गेला नव्हता तिचा?"

"रस्ता ओलांडण्यापुरता होता, भावोजी," मी म्हणालो.