रेसिंग सायकलला स्टँड

सायकलवाल्यांनो, सल्ला हवाय.

पप्पांची तरुणपणीची रेसिंग सायकल मी काही महिने दुरुस्त करतेय. पातळ स्टीलची फ्रेम आहे. गंज काढला, बेअरिंग बदलली, फक्त चेन बसवायची राहिली होती.

आज कामावरून आले तर सायकल अंगणात स्टँडवर उभी होती. या सायकलला स्टँड कधीच नव्हता.

"स्टँड नसलेली सायकल असती का कुटं?" पप्पा खुशीत म्हणाले. "मिस्त्रीला सांगितलं, पोरगी इंजिनिअर हाय, ढिलं चालणार नाही. पार आवळून बसव."

त्यानं आवळलं. स्टँडच्या पट्टीखाली मागच्या चाकाकडे जाणारी नळी दोन मिलिमीटर चेपली आहे. ती भार आल्यावर तडकू शकते.

मी तेवढंच सांगितलं. त्यांनी वाकून चेपलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे मला आता चालवता येणार नाही?"

ते स्वतः चालवणार होते, हे मला माहीतच नव्हतं.

सोलापुरात अशी नळी बदलून देणारं कोणी आहे का? "वेल्डिंग मारून देतो" म्हणणारे नकोत. पप्पांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. "येईल" म्हणायला खात्री नाही आणि "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?