ताप नसताना ब्रेड

माझी आई वैरागहून आठ दिवसांसाठी आली होती आणि तिने कायमचं इथेच राहावं असा माझा डाव होता. वडील गेल्यापासून ती तिकडे एकटी. नवऱ्याची बदली पुण्याला झाल्यापासून सोलापुरात मी एकटी. पण आईला सरळ सांगितलेलं कधीच पटत नाही. "लेकीच्या घरात कायमचं ऱ्हातंय व्हय कुणी?" हे तिचं ठरलेलं उत्तर, आणि भरलेली बॅग सोफ्यामागे तयारच.

म्हणून मी तिला खायला घालून अडकवायचं ठरवलं. माझ्या हातून कुठलीही गोष्ट बेताने होत नाही. सात रस्त्याजवळ नवी बेकरी निघाली होती, तिथला आंबवलेल्या पिठाचा एक अख्खा ब्रेड, लोफ म्हणतात तो, आणला. किंमत ऐकून आई म्हणाली, "सोन्याचा वर्ख लावलाय का?" मग तिने वरचं कडक कवच बोटाने वाजवून पाहिलं. "ही आपली कडक भाकरीच हाय की. फुगलेली." दोन काप खाल्ले आणि चांगलाय म्हणाली. एवढं मला पुरे होतं. रोज विकत आणणं परवडणारं नव्हतं, तेव्हा तसाच ब्रेड घरी करायचा असं मी ठरवून टाकलं.

मार्टातला पांढरा ब्रेड तर मी घरात येऊच देत नव्हते. नुसता मैदा आणि साखर, एकावर एक फुकट मिळाला म्हणून काय पोटात भरायचा? या विषयावर मी शेजारच्या काकूंना इतकी व्याख्यानं दिली होती की मी दिसले की त्या हातातली पिशवी मागे घ्यायच्या.

मोबाइलवर बघून बरणीत पीठ-पाणी आंबायला ठेवलं. आई त्याला विरजण म्हणायची. व्हिडिओतली बाई सांगत होती, रात्रभर ठेवा. तिच्या गावात थंडी असेल. आमच्याकडे उन्हाळ्यात त्या विरजणाने दोन तासांत झाकण उडवलं आणि ओट्यावरून खाली उतरायला लागलं. दुसऱ्या खेपेला ज्वारीचं पीठ जास्त पडलं, तर ब्रेड असा झाला की त्याने खिळा ठोकता आला असता. पण मी हटले नाही. कॉलेजच्या ऑफिसातून आले की पर्स टाकायची आणि थेट ओट्याशी. दर अर्ध्या तासाने मोबाइल वाजला की पीठ दुमडायचं. आई स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसायची, काहीबाही सांगायला सुरुवात करायची आणि मी म्हणायचे, "थांब गं, आधी एवढं होऊ दे."

हळूहळू ब्रेड जमायला लागला. आई खायची, चांगलाय म्हणायची, फोनवर मावशीला सांगायची, "पोरगी लई खपती." आठ दिवसांचे तीन आठवडे झाले होते. मी मनातून खूश होते.

मग एका रविवारी सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात मोसंब्यांची पिशवी, चेहरा गंभीर.

"आईंना टायफॉइड झालाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

आई आत पूजा करत होती, खणखणीत आवाजात.

"नाही, तीन आठवडे बघतेय मी," काकू म्हणाल्या. "एक दिवसाआड मार्टातून ब्रेड नेतात. म्हटलं, काहीतरी मोठंच दुखणं असणार."

आमच्याकडे ब्रेडचं हे असंच आहे. वडा-पावाचा पाव कुणीही खावा, पण पिशवीतून स्लाइस ब्रेड डोकावला की जुनी माणसं विचारतात, घरात कोण आजारी आहे? मी काकूंना कसंबसं वाटेला लावलं आणि सरळ सोफ्यामागची बॅग उघडली. साड्यांच्या घड्यांमध्ये, रबर लावलेला, पांढरा ब्रेड. चार स्लाइस उरले होते.

मला भयंकर राग आला. पूजा आटोपून आई बाहेर आली तेव्हा मी पुडा हातात धरूनच बसले होते. "माझा आवडत नव्हता तर सांगायचं होतंस."

"आवडतो की," ती म्हणाली. "तुझा ब्येस हाय. त्यो खायचा ब्रेड हाय."

"आणि हा?"

ती माझ्याशेजारी बसली. "आमी सहा भावंडं. आईला बसायला कवा सवड नसायची. फकस्त कुणाला ताप आला की वडील बाजारातनं ब्रेड आणायचं. आई दुधात कुस्करून, साखर घालून द्यायची आन् खाऊन हुईस्तवर जवळ बसायची. मी तर दोनदा काखंत कांदा धरून ताप आणला हुता."

मी हसले. ती हसली नाही.

"दिवसभर तू नसतीस. मग दुपारचं दुधात टाकून खाते. सांजचं तू येतीस, पर मला तुजी पाठच दिसती."

तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं. जिला जवळ ठेवायला एवढा आटापिटा चालला होता, तिच्याकडे मी तीन आठवडे धड बघितलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली. ओट्यावर पीठ होतं, मोबाइल वाजला, वाजू दिला. दूध कोमट केलं, चारही स्लाइस वाडग्यात कुस्करले, साखर घातली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"मला ताप न्हाय," ती म्हणाली.

"माहीत आहे. खा."

तिने अर्धं खाल्लं आणि वाडगा माझ्याकडे सरकवला. गोडमिट्ट लगदा नुसता. मी सगळा संपवला. मग विचारलं, "कांद्याने खरंच ताप येतो?"

"न्हाय येत," आई म्हणाली. "आईला ठावं हुतं. तरी बसायची."

आता मी फक्त रविवारी ब्रेड करते आणि पीठ दुमडायचं काम तिच्याकडे असतं. मार्टातला पुडा फ्रिजवर उघड्यावर असतो. मैद्यावरची व्याख्यानं बंद झाली, त्यामुळे काकूही पिशवी लपवत नाहीत. आई अजून दर सोमवारी सांगते की येत्या आठ दिवसांत जाते म्हणून. बॅगही तिथेच, सोफ्यामागे. परवा झाडू मारताना ती उचलली तर हलकी लागली. उघडून पाहिली, आत एकही साडी नव्हती. मी चेन लावली, बॅग होती तशी ठेवली आणि आईजवळ जाऊन बसले.