बाटलीवरच्या तीन टिकल्या

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगते. सिल्व्हर पार्कात बावीस वर्षं राहतेय, जिन्यात पावलं ऐकणाऱ्या बायकांना मीच हसायचे... पण हे माझ्याच कपाटात झालं.

माझी नात ओवी, आठ वर्षांची. गोड पोर, पण सांगितलेलं डोक्यात राहत नाही. चप्पल घाल म्हटलं की दारापर्यंत जाऊन विसरते, मग स्वतःवरच चिडून रडते. काशीमीऱ्याजवळ अशा मुलांच्या एका सेंटरला नेतो तिला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ती हट्टी नाहीये. पोटात असताना दारूने मेंदूला इजा झालीय. एका वेळी एकच काम सांगा." आणि माझ्या सुनेला, सुप्रियाला विचारलं, "गरोदरपणात घेत होता?" तिने मान खाली घातली. मीही गप्प.

आता लिहूनच टाकते — ती दारू म्हणजे ब्रँडी, आणि सुप्रियाला ती मीच द्यायचे. सर्दी-अशक्तपणाला औषध म्हणून, रोज दोन टोपणं कोमट पाण्यात, पाच महिने. उरलेली अर्धी बाटली माझ्या कपाटात साड्यांमागे तशीच राहिली. टाकली तर कबूल केल्यासारखं होईल ना!

यंदा सुप्रियाला परत दिवस गेले. एकदा साडी काढायला कपाट उघडलं, तर बाटली कमी वाटली. ब्रँडी जिथवर होती तिथे बाहेरून टिकली चिकटवली. दुसऱ्या दिवशी ब्रँडी टिकलीच्या खाली! दुसरी लावली... मग तिसरी. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, तरी माझा संशय सुनेवरच. तिचे पेले हुंगायचे, मुद्दाम तोंडाजवळ जाऊन बोलायचे. शेवटी एका दुपारी बाटली तिच्यासमोर आपटली.

"एका पोरीचं झालं तेवढं पुरे नाही का गं?"

"आई, या वासाने मला उलटी येते. तेव्हाही नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, नखरे करू नकोस."

"मग मॅडमना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते..."

बाटली मोरीत ओतली. मग टोपणाने पाणी भरून बघितलं — एका टिकलीपासून दुसरीपर्यंत बरोब्बर दोन टोपणं. दर वेळी!

मुलगा म्हणतो, "टोपण ढिलं असेल, उडाली असेल. नाहीतर भुताला सर्दी झाली असेल!" मी बाटलीत पाणी भरून, टोपण लावून दिवसभर उलटी ठेवली. थेंब गळला नाही. आणि उडणारी दारू काय मोजून उडते?

पुढच्या वेळी सेंटरला बाकीच्या मुलांच्या आयांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, हिने नाही, मी पाजली. सुप्रियाने माझी पिशवी स्वतःकडे घेतली. ते टोपण आता माझ्या पर्समध्ये असतं. कुणाला दिवस गेल्याचं कळलं की जाऊन दाखवते — एवढंसंसुद्धा नको गं बाई, औषध म्हणूनही नको.

रोज ती दोन टोपणं कोण काढून घेत होतं, मला आजही माहीत नाही. पण वर एक खोटं लिहिलंय. त्या दिवशी कपाट मी साडीसाठी उघडलं नव्हतं. सुप्रिया सकाळपासून शिंकत होती... आणि कोमट पाणी मी आधीच करून ठेवलं होतं.