गॅलरीतली सहावी चौकट

वेबसाइट करायला मी शिकलो, ते वेळ जात नव्हता म्हणून. आकुर्डीच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये उभी हयात गेली आणि मग एक दिवस स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून घरी आलो. दापोडीच्या दोन खोल्यांत दिवसभर बसून माणूस करणार काय? बायको म्हणाली, "माझ्या मध्ये मध्ये करू नका. काहीतरी शिका." म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो. डोमेन म्हणजे दारावरची पाटी, होस्टिंग म्हणजे जागेचं भाडं, थीम म्हणजे आयता रंगवून, फर्निचर लावून दिलेला गाळा, अशी मी मनाशी जुळणी लावली. ती फारशी चुकीची नव्हती. फक्त आयत्या गाळ्यात दुसऱ्याच्या हिशोबाने केलेली कपाटं असतात आणि ती रिकामी दिसली की आपल्याला लाज वाटते, हे कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

धाकट्या भावाचा तळवड्यात गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग आणि एक जुनं मिलिंग मशीन. तो दुसऱ्यांचं जॉबवर्क करतो. चाकणच्या मोठ्या कंपनीचं काम आधी एका मधल्या माणसाकडे येतं, त्याच्याकडून याच्याकडे. कंपनीने आपल्याला व्हेंडर कोड दिला की मधला माणूस जातो आणि काम थेट आपल्या नावावर येतं. त्या कोडसाठी भाऊ कितीतरी वर्षं खेटे घालत होता. जिथे जाईल तिथे पहिला प्रश्न वेबसाइटचा. एकदा जेवताना तो हे म्हणाला आणि मी म्हणालो, "मी करून देतो."

"तू?" तो हसला. "दादा, परवापर्यंत तुला मोबाइलवरून फोटो पाठवता येत नव्हता."

"परवाचं परवा."

"बघ बाबा. माझं दुकान बुडवू नको म्हणजे झालं."

फुकटची थीम घेतली. तिच्यात आधीपासून परदेशी माणसांचे फोटो होते, पांढरी हेल्मेटं घालून हसणारे. ते काढून मी आपले टाकत गेलो. होम झालं, अबाउट झालं, कॉन्टॅक्टमध्ये माझा नंबर दिला, कारण मशीन चालू असलं की भावाला फोन ऐकू येत नाही. राहिली गॅलरी. तिच्यात सहा चौकटी होत्या. लेथचे, ड्रिलिंगचे, मिलिंगचे आणि तयार मालाचे धरून बरे असे पाचच फोटो निघाले. सहावी चौकट करड्या रंगाची, रिकामी, दात पडल्यासारखी दिसायची. ती काढून टाकता येते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती भरायचीच असते, असं मी धरून चाललो.

मोबाइलमध्ये खंडेनवमीचे फोटो होते. त्या दिवशी आमच्याकडे सगळे गाळे धुतले जातात, मशीनना हार घालतात आणि लोक एकमेकांच्या गाळ्यात पेढे खायला जातात. भावाच्या शेजारी एका भाईंचा गाळा आहे. स्वतः मुसलमान, पण कामगारांची पूजा दरवर्षी थाटात करून देतात आणि पेढे स्वतः वाटतात. त्या वर्षी त्यांनी नवीन व्हीएमसी घेतलं होतं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मोठं मिलिंगचं मशीन. भाऊ त्याच्याजवळ पेढा हातात धरून उभा होता आणि मशीनकडे बघत होता. मी फोटो काढला होता. प्रकाश चांगला, मशीन चकचकीत, भावाचा चेहरा प्रसन्न. तो सहाव्या चौकटीत बसवला. खाली "अवर फॅसिलिटी" हे शब्द थीममध्ये आधीपासूनच होते. ते मी लिहिले नाहीत, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. पुसलेही नाहीत, हे मात्र सांगत नव्हतो.

भावाने मोबाइलवर होम पेज बघितलं, "झकास" म्हणाला आणि कामाला लागला. गॅलरीपर्यंत तो गेलाच नाही.

फोन मलाच आला. चाकणच्या कंपनीतून एक मॅडम बोलत होत्या, नवे व्हेंडर बघणाऱ्या. "तुमच्या साइटवर व्हीएमसी दिसतंय. आम्हाला त्याच्यावरचंच काम द्यायचंय. शुक्रवारी बघायला येते. मशीन तुमचंच आहे ना?"

तिथे थांबून "नाही" म्हणायला एक श्वास पुरला असता.

"हो हो, या ना मॅडम," मी म्हणालो.

भावाला सांगितलं, कंपनीची माणसं येताहेत. मशीनचं सांगितलं नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी गाळ्याची फरशी घासून घेतली, चालायच्या वाटेला पिवळे पट्टे मारले, चहासाठी चांगले कप आणले. भावजय म्हणाली, "घराला रंग द्या म्हणून तीन दिवाळ्या सांगतेय, तेव्हा वेळ नव्हता." तो नुसता हसत होता. मला ते हसणं बघवेना.

मी फोटो काढून टाकला. बसमध्ये बसून मोबाइलवर साइट उघडली तर फोटो तिथेच. पुन्हा काढला, पुन्हा उघडली, तसाच. घामाघूम झालो. मोबाइल जुनं पान साठवून ठेवतो, तेच परत परत दाखवतो, हे कळायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. बायकोच्या मोबाइलवर बघितलं, तिथे सहावी चौकट रिकामी होती. एवढ्यावर मला वाटलं की सुटलो. तरी रोज सकाळी भावाकडे जायचो, सांगायचं ठरवून जायचो, आणि पट्ट्यांचा रंग वाळला का ते बघून परत यायचो.

शुक्रवारी मॅडम आल्या. तिशीच्या असतील, पायात सेफ्टी शूज, बोलणं मोजकं. भावाने माझी ओळख करून दिली, "हे माझे थोरले बंधू, ऑफिसचं बघतात." त्यांनी लेथ बघितले, तयार जॉब हातात घेऊन मापं तपासली, मान हलवली. मग फाइलमधून एक कागद काढला. मी फोटो काढून टाकायच्या आधीच छापून घेतलेलं गॅलरीचं पान होतं.

"हे मशीन कुठेय?"

भावाने कागद हातात घेतला. स्वतःलाच बघितलं, मशीनला बघितलं. मग माझ्याकडे. एवढंच. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि उत्तर मिळेपर्यंत तो थांबला. मी पिवळ्या पट्ट्याकडे बघत राहिलो.

"हे आमचं नाही मॅडम," तो म्हणाला. "शेजारचं आहे. साइट एका एजन्सीकडून करून घेतली. त्यांनी कुठला तरी फोटो टाकला, माझं लक्ष नव्हतं."

"कुठली एजन्सी?"

"होते एक. बंद झाले."

मॅडमनी कागद परत घेतला. "त्या एजन्सीवाल्याला पैसे दिले नसतील तर देऊ नका," त्या म्हणाल्या आणि किंचित हसल्या.

मीसुद्धा हसलो.

इतकी वर्षं जे घशात अडकलं आहे ते हे. फोटो नाही, फोनवरचं "हो हो" नाही. माझ्यासाठी माझा भाऊ परक्या बाईसमोर खोटं बोलला, आणि मी जणू त्या एजन्सीवाल्याला ओळखतही नाही असा हसलो. भावाने ते बघितलं.

मॅडम निघणार तेवढ्यात भाऊच म्हणाला, "मशीन बघायचंय का? चला, दाखवतो." आणि स्वतः त्यांना शेजारी घेऊन गेला. भाई गोंधळले, मग खुर्च्या पुसायला लागले. भाऊ त्यांच्या मशीनबद्दल, त्यांच्या कामाबद्दल चांगलं बोलला. मी दाराशी उभा होतो.

काही महिन्यांनी कोड भाईंना मिळाला. भाईंनी त्यातलं लेथचं काम भावाला द्यायला सुरुवात केली. म्हणजे मधला माणूस गेला नाही, फक्त बदलला. भाई येईल-जाईल त्याला सांगायचे, "कंपनीची माणसं यानं हात धरून माझ्या दारात आणली राव. सख्खा भाऊ करणार नाही असं." भाऊ मान खाली घालून काम करत राहायचा. साइट त्याने बंद करायला लावली. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मॅडमचा फोन आला, या वेळी थेट भावाला. लेथवरचाच एक छोटा जॉब होता, त्यांना त्याची मापं आठवत होती. नमुने घेऊन चाकणला बोलावलं होतं. भाऊ म्हणाला, "दादा, तू पण चल. कागद इंग्रजीत असतात." त्याने मला बरोबर घेतलं, याचं मला इतकं वाटलं की वाटभर मी त्याच्या मागे स्कूटरवर बसून एकच गोष्ट घोकत होतो: आज सांगून टाकायचं.

नमुने बरोबर निघाले. मॅडमनी कागद पुढे केले आणि सहज विचारलं, "आणि ती एजन्सी? बदललीत ना?"

"हो मॅडम, बदलली," भाऊ म्हणाला.

"एजन्सी नव्हती," मी म्हणालो. "साइट मी केली होती. फोटो मी टाकला. फोनवर हो पण मीच म्हणालो होतो."

भावाचा पाय टेबलाखाली माझ्या पायावर आला आणि तिथेच थांबला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या भावाकडे बघत होत्या.

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं सांगितलंत. आणि आत्ता पण."

"हो."

"फोटोचं मी त्याच दिवशी सोडून दिलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बिगिनर लोक करतात असं. पण उद्या लॉटमध्ये चूक निघाली, तर तुम्ही मला सांगाल की पुन्हा कुठली एजन्सी काढाल?"

त्यांनी नमुने कापडात नीट गुंडाळून परत दिले. "कळवते," म्हणाल्या.

परतताना तळवड्याच्या चौकापर्यंत आलो. तिथे सिग्नलला थांबलो तेव्हा, मान न वळवता तो म्हणाला, "आज का बोललास?"

"खरं ते..."

"खरं बोलायचं होतं तर त्या दिवशी बोलायचंस. तेव्हा त्यांनी सोडून दिलं होतं, ऐकलंस ना? त्या दिवशी बोलला असतास तर माझं काम झालं असतं. आज नुसतं तुझं झालं."

मागून हॉर्न वाजायला लागले. त्याने स्कूटर काढली. गाळ्यावर उतरलो तर तो आत न जाता सरळ भाईंकडे गेला, दुसऱ्या दिवशीचा माल उचलायला. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "असू दे दादा. जा तू घरी."

कंपनीचं उत्तर मेलवर आलं, सध्या गरज नाही म्हणून. भाऊ माझ्याशी बोलतो, सणाला घरी येतो, मुलांची चौकशी करतो. कोडचं नाव काढत नाही. भाईंकडून माल येतो, तो कातून परत जातो.

त्याला मी अजून एक सांगितलेलं नाही. त्या दिवशी चाकणहून घरी आलो, बायकोने ताट वाढलं, आणि त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच मी पोटभर जेवलो. भाकरी पुन्हा मागून घेतली. तो तेव्हा गाळ्यावर एकटा भाईंचा माल लावून घेत असेल, हे मला माहीत होतं, आणि तरी मी जेवत होतो.