बेडूक तो बेडूक

आमच्या वेळी मेडिकलला जायला निराळी प्रवेशपरीक्षा नव्हती. इंटर सायन्सला बी ग्रुप घ्यायचा, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र, आणि त्यात पडतील ते गुण घेऊन मेडिकल कॉलेजच्या दारात उभं राहायचं. गुण पुरले तर आत, नाहीतर माघारी. मी माघारी आलेल्यांपैकी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं उगीच आशा धरायला नको. मी धरली होती, तेवढी पुरे झाली.

आमचं गाव वडगाव रासाई, शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. शिकायला शिरूरला जायचं आणि पुण्याची गाडी पकडायची तर नावेतून नदी ओलांडून केडगावला. शिरूरच्या हायस्कुलात मी अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला, पहिला आलो तेव्हा हेडमास्तरांनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा म्हणजे माझे वडील. वांगी, कोथिंबीर आणि शेवंती पिकवणारा माणूस. शाळेची पायरी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा चढली. हेडमास्तर म्हणाले, "याला डॉक्टर करा." चांगल्या मुलाच्या बापाला काहीतरी बरं बोलायचं म्हणून ते सहज म्हणाले असतील. आप्पांनी तो हुकूम समजला. गावी पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्याला ते सांगत होते, "पोराला डाक्टर करायचाय. मास्तरांनी सांगितलंया." पावसाळ्यात नदी चढली की नाव बंद व्हायची आणि पलीकडचा डॉक्टर असून नसल्यासारखा व्हायचा, त्यामुळे गावालाही ते पटलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी होच म्हणालो असतो.

महाराष्ट्र राज्य होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. पुण्याच्या कॉलेजात सगळं इंग्रजीतून. शाळेत आम्ही प्राणवायू शिकलो होतो, इथं त्याचा ऑक्सिजन झालेला. मी पुस्तकं पाठ करायला घेतली. अर्थ कळो न कळो, पानंच्या पानं धडाधडा म्हणून दाखवायचो. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती ती एवढ्यासाठीच. भीती होती प्रॅक्टिकलची. डिसेक्शनला चार मुलांत एक बेडूक मिळायचा. त्या चारांतले तिघे पुण्याचे, त्यांच्या खिशात स्वतःची कात्री, स्वतःचा चिमटा. मी ट्रे धरायचो. दीड वर्ष मी ट्रे धरला. सर शेजारून गेले की मान पुढं करून बघतोय असं दाखवायचं, एवढंच माझं शिक्षण. कात्री मागायची लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा राग यायचा. त्या रागाचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, दिवाळीच्या सुटीत ठरवलं की घरीच बेडूक कापून हात बसवायचा. घरात माझी मोठी बहीण होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. लग्नानंतर दोन वर्षांतच ती सासरहून माघारी आली होती आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही असा घरात अलिखित नियम होता. तिनं सातवीपर्यंतची शाळा माझ्यापेक्षा बऱ्या गुणांनी केली होती. मी बेडूक म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं नाही. "किती पायजेत?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विहिरीच्या पाटाकडेच्या ओल्या दगडांखालून चार धरून आणले, गाडग्यात घालून वर फडकं बांधलं.

फुटकी काठवट हा माझा ट्रे. टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे. दाढीचं पातं हे हत्यार. बेडूक कसे मारायचो ते सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. कडुलिंबाखाली बसून मी पोटं फाडायचो आणि आक्का शेजारी बसून पुस्तकातलं चित्र माझ्यापुढं धरायची. ते मातकट रंगाचे, अंगावर पुळ्या आलेले, कोरड्या कातडीचे प्राणी होते. कॉलेजातले बेडूक हिरवट, ओले, गुळगुळीत. मला वाटलं, आपला मुलूख कोरडा, माणसं काळीसावळी, खरबरीत. तर बेडूकही तसेच असणार. आक्का म्हणाली, "ह्ये कोरड्यातलं हाय. नदीच्या पान्यातलं निराळं असतंय, गुळगुळीत. हातातनं निसटतंय, पन आनू का धरून?"

मी म्हणालो, "नको. हेच आण. बेडूक तो बेडूक."

"ह्येंच्या अंगाला हात लावला की चुरचुरतंय. त्या पुस्तकात तसं काय लिवलंय का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. चार बुकं जास्त शिकलेला माणूस जसं घरच्यांना गप्प करतो, तसं मी तिला केलं.

मग मला शोध लागला. प्रत्येक नराच्या पोटात वृषणाच्या वरच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा एक गोळा असायचा. पुस्तकातल्या चित्रात तो नव्हता. पहिल्यांदा वाटलं आपलं कापणं चुकलं. दुसऱ्यात तोच. पाचव्यात तोच. विसाव्यातही तोच. पुस्तक विलायतेत लिहिलेलं, चित्रातला बेडूक विलायती. आपल्याकडच्या बेडकात एक ग्रंथी जास्त आहे आणि ती अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही, असं मी धरून चाललो. आता लिहितानाही कान गरम होतात. मी कुणाला सांगितलं नाही, सरांना नाही, वसतिगृहातल्या मुलांना नाही. न जाणो, कुणी आपलं नाव लावायचा. सुटीनंतरही कॉलेजात माझ्या वाट्याला ट्रेच होता, त्यामुळे तिथल्या बेडकात तो गोळा शोधायची संधी आली नाही. मनातल्या मनात मी त्या ग्रंथीला आमच्या गावाचं नाव देऊन टाकलं होतं. दीड वर्ष ट्रे धरलेल्या मुलाला एकदाच काहीतरी स्वतःचं मिळालं होतं आणि ते परीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर काढायचं होतं.

लेखी पेपर बरे गेले. प्रॅक्टिकलला चिठ्ठी उचलायची असे. माझ्या चिठ्ठीत आलं: नर बेडकाची मूत्र-जनन संस्था. देव पावला असं वाटलं. पुढ्यातला बेडूक उघडण्याआधीच मी कागद घेऊन आकृती काढून टाकली, डोळे मिटून काढता येईल इतकी ती बसलेली. गोळाही काढला. त्याच्यापुढं रेघ ओढून इंग्रजीत लिहिलं, "अननोन ग्लँड". मग कात्री घेतली, कापलं, काटे नव्हे खऱ्या टाचण्या टोचल्या, आणि बघतो तर गोळा नाही.

डाव्या बाजूला नाही. उजव्या बाजूला नाही. मी चरबीच्या पिवळ्या बोटांसारख्या पट्ट्या बाजूला केल्या, आतडं उचललं, खाली बघितलं. असणारच, कुठं जाईल? मूत्रपिंडाला धक्का लागला आणि रक्त आलं. ते पुसायला गेलो तर नळी तुटली. इतक्यात बाहेरचे परीक्षक माझ्या टेबलापाशी आले. वयस्क गृहस्थ होते, आवाज चढवायचे नाहीत.

"हे काय काढलं आहेस?"

"ग्रंथी, सर. पुस्तकात नाहीये, पण असते."

"असते? दाखव."

मी चिमट्यानं ढवळत राहिलो. ते वाट बघत उभे राहिले. शेवटी मी हात खाली घेतला.

"नक्कल करायची तर नीट चित्रावरून तरी करावी," ते म्हणाले. "बेडूक कधी कापला आहेस का तू?"

"पंचवीसेक कापलेत, सर. घरी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आमच्या कॉलेजच्या सरांकडं पाहिलं. आमचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. परीक्षकांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाकडं गेले. मी आयुष्यात बोललेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं आणि त्याला ते खोटं समजले.

बाहेर हात धुवायच्या नळावर प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई भांडी विसळत होता. कॉलेजला बेडूक पुरवायचं काम त्याचंच. माझं तोंड बघून त्यानं विचारलं आणि मी त्याला सगळं सांगितलं, कारण तो कुणी नव्हता. ऐकता ऐकता तो थांबला.

"तुझ्या घरचं बेडूक कोरडं व्हतं का? अंगावर पुळ्या?"

"हो."

"हात चुरचुरायचं?"

"हो."

"आरं, मंग त्ये बेडूक न्हवं. टोड त्यो. त्येच्यात आसतोय गोळा. मागं एका सायबाला मुद्दाम आनून दिल्तं म्या, त्याच्यासाठीच." मग जरा थांबून म्हणाला, "जा की आत. सांग त्यास्नी. जानकार मानूस हाय, समजंल."

मराठीत त्याला भेक म्हणतात हे मी नंतर कोशात वाचलं. आमच्या गावात भेक असं कुणी म्हणत नाही. जमिनीवरचा, पाण्यातला, विहिरीतला, सगळे बेडूक. माझा गोळा खरा होता, माझं कापणं बरोबर होतं, फक्त प्राणी दुसरा होता आणि माझ्या भाषेत त्या दुसऱ्याला नाव नव्हतं. आत जाऊन एवढंच सांगायचं होतं. मी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो. आत परीक्षक पुढच्या मुलाशी इंग्रजीत बोलत होते. मी मनात वाक्य जुळवायला लागलो, "सर, इट वॉज नॉट", आणि पुढं जुळेना. पुस्तकाची पानंच्या पानं पाठ असलेल्याला हे एक वाक्य जुळेना. ते मराठीही बोलत होते माझ्याशी, मराठीत सांगता आलं असतं, हे मला वसतिगृहात पोचल्यावर सुचलं. दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग मी निघून आलो. त्या दारातून आत न गेल्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही आणि आता करण्याचा विचारही नाही.

घरी गेल्यावर आक्कानं पहिलं तेच विचारलं. "माझी बेडकं आली का कामाला?"

"व्हय," मी म्हणालो. ती खूष झाली. तिनं दिवाळीत सांगितलं होतं तेच खरं ठरलं, हे तिला कळू द्यायची माझी हिंमत झाली नाही.

जूनमध्ये निकालासाठी पुन्हा पुण्याला येऊन राहिलो. पेपरात नंबर आले. मी पास झालो होतो, सेकंड क्लासात. आठ दिवसांनी मेडिकलची यादी लागली. मी ती खालून वर आणि वरून खाली वाचली. माझ्यापेक्षा चार गुण जास्त असलेल्या मुलापाशी यादी संपत होती. तसाच आमच्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो आणि कारकुनाला विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा बसून गुण वाढवता येतील का. त्यानं मान वर न करता सांगितलं, पास झालेल्याला पुन्हा बसता येत नाही. नापास झाला असतास तर बसला असतास. मी बी. एस्सी.चा फॉर्म न्यायला आलोय असं समजून त्यानं तो माझ्यापुढं सरकवला.

गाडीत बसलो. केडगाव आलं, मी उतरलो नाही. दौंडपर्यंत गेलो आणि तिथं जंक्शनवर बाकावर बसून राहिलो. इंजिनं पाणी घेत होती, लोक सोलापूरच्या, मनमाडच्या गाड्या बदलत होते. सगळ्यांना कुठंतरी पोचायचं होतं. मला फक्त घरी पोचायचं नव्हतं. दुपारच्या पॅसेंजरनं शेवटी माघारी केडगावला आलो.

नावेतच कळलं की बातमी माझ्या आधी पोचली होती. गावातल्या मास्तरांनी पेपर बघून आप्पांना पास झाल्याचं सांगितलं होतं आणि आप्पांनी गावभर गूळ वाटला होता. नावेतली माणसं सरकून जागा द्यायला लागली. एक म्हातारी आपला सुजलेला पाय पुढं करून म्हणाली, "डाक्टर, बघा की जरा." मी वाकून पाय बघितला. दुसरं काय करणार होतो? काठ येईपर्यंत मी तिच्या पायाकडंच बघत होतो.

आप्पा मळ्यात वांग्याची रोपं लावत होते. मी बांधावर बसलो आणि म्हणालो, "आप्पा, मला मेडिकलला घेतलं न्हाई."

"का बरं? पास झालास की तू."

"पास झालो. पन चार गुण कमी पडलं."

"मंग पुन्यांदा बस. एक वरीस काय लई न्हाई. म्या कुठं न्हाई म्हंतोय?"

"पास झालेल्याला पुन्हा बसू देत न्हाईत, आप्पा. नापास झालेल्यालाच बसू देतात."

त्यांनी हातातलं रोप खड्ड्यात उभं केलं, दोन्ही हातांनी माती लोटली, दाबली. रागावले नव्हते. शिकलेल्या माणसाला एखादी अडलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी मला विचारलं, "मंग तुला नापास व्हता आलं न्हाई का रं?"