आरिफाचा हातगुण

पौडच्या बाजारात सुलतानाची लाल गाडी लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. गाडी जुनी, दोन मालकांच्या हाताखालून आलेली, मागचा दरवाजा आपटल्याशिवाय न लागणारी. पण सुलताना पडदे शिवायची, मुठा खोऱ्यातल्या बंगल्यांना पडदे लागायचे, आणि एवढी गाठोडी स्कूटरवर मावत नसत. म्हणून शिलाईच्या कमाईतून तिने ती घेतली. नवरा मौला भांड्यांच्या दुकानात बसायचा; स्कूटरपुढे त्याची मजल नव्हती. गल्लीत स्टिअरिंगवर बसलेली पहिली बाई म्हणून सुलतानाचा एक रुबाब होता, आणि तो तिला आवडायचा.

मग धाकट्या दिराचं, अतीकचं लग्न झालं आणि पिंपरीहून आरिफा घरात आली. बोलायला गोड, कामाला चटपटीत, आणि गाडी चालवायला शिकूनच आलेली. तेवढं सुलतानाने पचवलंही असतं. पण त्याच उन्हाळ्यात गाडीला खोड लागली.

सुलताना मुठ्याला जायची, एखाद्या बंगल्यातल्या खिडक्यांची मापं घेऊन बाहेर यायची, किल्ली फिरवायची, तर इंजिन नुसतं घुरघुरायचं. धरायचं नाही. पुन्हा फिरवा, पुन्हा तेच. घरी फोन केला की आरिफा स्कूटर घेऊन निघायची. पौड ते मुठा काही जवळ नाही. ती यायची, ओढणी सावरायची, "बघू भाभी," म्हणत आत बसायची आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू! वाटेत पुन्हा बंद पडायला नको म्हणून मग गाडी आरिफाच चालवायची. सुलताना मागून स्कूटरवर, आपल्याच गाडीची धूळ खात.

गॅरेजवाल्या अनिसने बॅटरी तपासली, प्लग साफ केले, पेट्रोलचा पंप खोलून पाहिला. पण त्याच्या दारात गाडी एकदाही अडली नाही. "भाभी, रोगी हसत-खेळत दवाखान्यात आला तर डॉक्टरनं काय करावं?" तो म्हणाला. "अडली की मला तितंच बोलवा."

सासूला, अम्मांना, मात्र कारण सापडलं होतं. शेजारच्या चंद्राबाईला त्या सांगत होत्या, "सुलतानाचा हात जड हाय. आरिफाच्या हाताला गुण हाय, बघ. नुसतं शिवलं तरी चालू व्हतीया."

आत मशीनवर बसलेल्या सुलतानाच्या हातातला पडदा तिरका शिवला गेला. तिने तो टराटरा उसवला. त्या दिवसापासून आरिफाच्या भाकरीचा गोलवासुद्धा तिच्या डोळ्यांत सलायला लागला. अतीक बायकोला "तू राहू दे, दमलीस," म्हणाला तरी इकडे हिच्या पोटात दुखायचं.

आणि एका दुपारी मुठ्याला गाडी पुन्हा अडली. बंगल्याचा राखणदार भिवाजी म्हणाला, "फोन लावा की धाकल्या भाबीला."

"न्हाई लावायचा."

"मंग कशा जानार?"

"हितंच ऱ्हाते. पडदे हायेत, अंथरीन आन् पांघरीन."

भिवाजी हसला आणि चुलीकडे गेला. त्याने चहा केला. सुलताना पायरीवर बसून तो प्यायली, मनातल्या मनात आरिफाला नाही नाही ते बोलली. राग जरा निवल्यावर उठली आणि उगाच, गाडीला शेवटची शिवी घालावी तशी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला आधी आठवली ती आरिफा, ओढणी सावरत येणारी. येणारी, पण केव्हा? येईपर्यंत कितीतरी वेळ जायचा. बॉनेट हात लावण्याइतकं थंड झालेलं असायचं.

परतताना उरवड्याला सुलतानाने मुद्दाम गाडी बंद केली, भाजी घेतली, किल्ली फिरवली. घुरघुर. झाडाखाली बसून राहिली, इंजिन निवू दिलं, पुन्हा फिरवली. चालू! म्हणजे गाडी तापलेली असताना थोडी थांबली की अडते, आणि निवली की सुरू होते. हात सुलतानाचा असो, आरिफाचा असो, नाहीतर भिवाजीचा.

हे त्याच संध्याकाळी अनिसला सांगितलं असतं, तर काम संपलं असतं. गॅरेजवरून जाताना तिने वेग कमीसुद्धा केला. पण थांबली नाही.

पुढच्या रविवारी बावधनला नात्यातला साखरपुडा होता. दुकान सोडून मौला-अतीक निघणार नव्हते. शिवणाचं निमित्त सांगून सुलताना घरी राहिली आणि किल्ली स्वतः आरिफाच्या हातात दिली. "तूच ने अम्मांना. गाडी तुझंच ऐकती. आन् मिठाई पौडात नको, पिरंगुटला थांबून घे. तिथली चांगली असती."

त्या दोघी गेल्या आणि सुलताना मशीनवर बसली, पण पाय काही हलेना. फोन वाजला तेव्हा तिने दोनदा वाजू दिला. त्या वाजण्यातही एक गोडी होती.

"भाभी, मिठाई घेऊन आले, तर भर चौकात गाडी सुरूच होत नाहीय," आरिफाचा आवाज रडवेला होता. मागून हॉर्न, बंगल्यांकडे निघालेल्या रविवारच्या गर्दीची आरडाओरड, आणि त्यावर अम्मांचा आवाज: "हिनंच मोडली! भरल्या रस्त्यात शोभा केली माझी!"

हेच ऐकायचं होतं सुलतानाला. कान भरून ऐकलं. मग अम्मांचं कण्हणं ऐकू आलं, "ऊन लई लागतंय गं," आणि तोंडातली साखर विरघळावी तशी ती गोडी संपली. तिने दुकानातून स्कूटर आणली आणि निघाली.

पिरंगुटला लोकांनी गाडी ढकलून कडेला लावली होती. अम्मा रसवंतीच्या सावलीत बसल्या होत्या, नव्या साडीचा पदर घामाने भिजलेला. आरिफा उन्हात, गाडीला टेकून. आजूबाजूचे लोक बघत होते. सुलतानाने बॉनेटवर तळवा ठेवला. निवलं होतं. आत बसून तिने किल्ली फिरवली.

"या अल्ला!" अम्मा उठल्या. "शेवटी मालकिणीचाच हात वळखती गाडी."

सुलतानाने ते शब्द अंगावर पडू दिले.

आरिफा जवळ आली, हळूच म्हणाली, "भाभी, मिठाई तर तुम्ही नेहमी पौडातूनच घेता."

सुलतानाने खिडकीची काच वर केली.

दुसऱ्या दिवशी ती अनिसकडे गेली. गाडी आधी घोटवड्यापर्यंत तापवून आणली, बंद केली, थोडं थांबली आणि म्हणाली, "आता बघ." गाडी अडली. अनिसचे डोळे चमकले. त्याने फडकं गार पाण्यात भिजवून इंजिनाच्या कडेच्या एका लहानशा सेन्सरवर धरलं, आणि गाडी लगेच सुरू झाली. "ह्योच. तापला की मुका व्हतोय. इंजिन फिरल्याची खबरच देत न्हाई." तो बदलला आणि खोड गेली.

रात्रीच्या जेवणाला सुलतानाने सगळ्यांसमोर सांगितलं, "अम्मा, हाताचा काय संबंध न्हाई. पार्ट खराब व्हता." अम्मांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

भांडी घासताना दोघीच होत्या. आरिफा म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"मला उन्हात उभं केलंत ते जाऊ दे. अम्मांना?"

"आन् मी तुझ्यामागं धूळ खात यायची, ते?"

"ते मी करायला लावलं नव्हतं, भाभी."

सुलताना कढई घासत राहिली. आता ही अतीकला सांगेल, अतीक अम्मांना, अशा धास्तीत तिने आठवडा काढला. आरिफाने कुणालाच सांगितलं नाही. बोलणं मात्र कामापुरतं ठेवलं. आणि हे पोटात ठेवण्याचं मोठेपणसुद्धा तिच्याकडेच गेलं, याचाही सुलतानाला हेवा वाटला.

पावसाळा सरल्यावर कामं वाढली, तेव्हा सुलतानाने स्वतःच विचारलं, "येतेस का मापं घ्यायला?" आता मुठ्याला दोघी जातात. आरिफा चालवते, सुलताना शेजारी बसून वाटेतल्या बंगल्यांच्या खिडक्या मोजते. घाटाच्या वळणावर आरिफाने सफाईने गिअर बदलला की अजून सुलतानाचा ओठ मुडपतो. पण ती म्हणते, "जरा हळू घे, पुढं खड्डा हाय," आणि आरिफा हळू घेते.